बोटॉक्सची कुपी : बंदरात तपासणी, सुईपाशी विश्वास

न्हावा शेवा, खास प्रतिनिधी

४ जून ते १४ जुलै २०२५ या सहा आठवड्यांत इंग्लंडमध्ये बोटुलिझम या दुर्मीळ विषबाधेचे ३८ रुग्ण आढळले. एरवी ही विषबाधा खराब झालेल्या डबाबंद अन्नातून होते. या ३८ जणांच्या बाबतीत मात्र कारण अन्न नव्हते. सौंदर्योपचार म्हणून घेतलेली इंजेक्शने होती. परवाना नसलेले, बोटॉक्ससारखे एखादे उत्पादन वापरले गेल्याचा निष्कर्ष तेथील आरोग्य सुरक्षा यंत्रणेने प्राथमिक तपासाअंती काढला. पापण्या जड होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, घास गिळता न येणे, जीभ अडखळणे अशी लक्षणे घेऊन हे रुग्ण रुग्णालयात आले होते. चेहरा उजळावा म्हणून केलेला खर्च त्यांना अतिदक्षता विभागाच्या दारापर्यंत घेऊन गेला.

इंग्लंडमधील या घटनेची दखल न्हावा शेव्यात बसून घेण्याचे कारण काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परदेशी बनावटीचे औषध भारतात कोणत्या दारातून आत यावे, हे औषधे नियम, १९४५ मधील नियम ४३-अ ने ठरवून दिले आहे. मुंबई, चेन्नई, कोलकाता या बंदरांच्या आणि मोठ्या विमानतळांच्या बरोबरीने त्या यादीत न्हावा शेवा हे नाव आहे. सीमाशुल्क विभागासोबत केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेचे बंदर कार्यालयही येथे काम करते. आता या बंदराच्या पाठीमागे उलवे, द्रोणागिरी, खारघर, पनवेल या पट्ट्यात नवे शहर उभे राहिले आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि नव्या वस्तीबरोबर त्वचा व सौंदर्योपचारांच्या दवाखान्यांच्या पाट्याही रस्तोरस्ती दिसू लागल्या. म्हणजे जे दार औषध तपासते ते आणि जेथे ते औषध कपाळात टोचले जाते तो दवाखाना, यांत आता काही किलोमीटरचेच अंतर उरले आहे. प्रश्न आहे तो या अंतरात काय घडते, याचा.

दारावरचा कायदा

सर्वसाधारण समज असा की, बोटॉक्स हे एक सौंदर्यप्रसाधन आहे. क्रीम, फेशियल यांच्या पुढची पायरी. कायद्याच्या दृष्टीने हा समज पूर्णतः चुकीचा आहे. बोटुलिनम टॉक्सिन हे औषध आहे, आणि तेही साधे नव्हे. औषध नियमांच्या ज्या ‘क’ परिशिष्टात लसी, रक्तजल आणि प्रतिविषे येतात, त्याच परिशिष्टात विषद्रव्यांचाही समावेश आहे. परदेशी कंपनीला आधी आपले उत्पादन व कारखाना यांची नोंदणी करावी लागते, नंतर भारतातील आयातदाराला आयात परवाना घ्यावा लागतो. औषधाच्या एकूण मुदतीपैकी किमान ६० टक्के मुदत शिल्लक असल्याशिवाय सर्वसाधारणपणे ते देशात आणता येत नाही. आयात केलेल्या औषधाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि आयात परवान्याचा क्रमांक असावा लागतो.

बोटुलिनमसारखी वजनाला हलकी, किमतीला भारी आणि २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात सांभाळावी लागणारी औषधे सहसा विमानाने येतात. पण दार बंदराचे असो वा विमानतळाचे, नियम तोच. कागदपत्रे नसतील तर माल अडतो. दारावरची ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. ऑगस्ट २०२० मध्ये न्हावा शेवा येथेच १९१ किलो हेरॉइन पकडले गेले, तेव्हा कागदोपत्री तो माल आयुर्वेदिक औषधाचा होता आणि अमली पदार्थ बांबूसारख्या रंगवलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत दडवलेला होता. तरीही दारावर निदान विचारणारा कोणी तरी असतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षात या बंदराने वीस फुटी मापाने ७३ लाखांच्या आसपास कंटेनर हाताळले. बोटॉक्सची कुपी मात्र अंगठ्याएवढी असते. ती खिशातून, प्रवाशाच्या सामानातून किंवा कुरियरच्या पाकिटातून आली, तर तिला ना बंदर लागते, ना परवाना.

विष आणि मात्रा

क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूपासून तयार होणारे हे द्रव्य मानवाला ज्ञात असलेल्या सर्वाधिक जहाल विषांपैकी एक मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन वैद्य युस्टिनस केर्नर यांनी सॉसेज खाल्ल्याने होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास केला. ‘बोटुलस’ हा सॉसेजसाठीचा लॅटिन शब्द या विषाच्या नावात तेव्हापासून राहिला. मज्जातंतूकडून स्नायूला आकुंचनाचा संदेश देणारे अॅसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडू न देणे, हे या विषाचे काम. संदेश पोहोचला नाही की स्नायू सैल पडतो. श्वसनाच्या स्नायूंवर हे घडले तर मृत्यू ओढवतो. डोळा तिरळा करणाऱ्या स्नायूवर नेमके तेवढेच घडवले तर तो उपचार ठरतो.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावरील या उपचाराचे मानवी निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध केले आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांच्या आचक्यांसाठी त्याला मान्यता दिली. कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन करुथर्स यांच्या लक्षात आले की, पापण्यांच्या आचक्यांवर हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधील आठ्याही नाहीशा होतात. त्यांनी आणि त्यांचे पती, त्वचारोगतज्ज्ञ अॅलिस्टर करुथर्स यांनी १९९२ मध्ये याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. एप्रिल २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांसाठी अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली आणि एका नेत्रविकारावरील औषधाची जगव्यापी बाजारपेठ झाली. आजही हेच औषध मेंदूच्या पक्षाघाताने आखडलेले लहान मुलांचे पाय, पक्षाघातानंतर ताठरलेला हात, जुनाट अर्धशिशी आणि बगलेतील अतिघाम यांवर वापरले जाते, याचा सौंदर्याच्या चर्चेत विसर पडतो.

सुरक्षिततेचा सगळा हिशेब मात्रेचा आहे. भुवयांमधील आठ्यांसाठी बोटॉक्सची मान्य मात्रा २० युनिट आहे. पाच ठिकाणी प्रत्येकी ४ युनिट. प्रौढ माणसासाठी घातक ठरू शकणारी मात्रा अंदाजे २५०० ते ३००० युनिट मानली जाते. प्रमाणित कुपी आणि जाणकार हात असतील तर या दोहोंतील अंतर भरपूर आहे, आणि म्हणूनच दोन दशकांहून अधिक काळ जगभर हे इंजेक्शन देऊनही अधिकृत औषधाच्या योग्य वापरात गंभीर अपघात विरळ राहिले. पण हे अंतर कुपीवर लिहिलेला आकडा खरा आहे, या एकाच गोष्टीवर उभे आहे. शिवाय एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाइतके नसते. एका नाममुद्रेची मात्रा दुसरीला जशीच्या तशी लावता येत नाही, ही सूचना उत्पादकच छापतात.

अपघात कोठे झाले

गेल्या वीस वर्षांतील मोठ्या घटना तपासल्या तर त्यांत एक समान धागा दिसतो. २००४ च्या अखेरीस अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात चौघांना तीव्र पक्षाघात होऊन कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. त्यांना टोचलेले द्रव्य प्रयोगशाळेतील संशोधनासाठीचे होते, माणसांसाठीचे नव्हते. २०२३ च्या प्रारंभी तुर्कस्तानात वजन कमी करण्यासाठी जठराच्या भिंतीत हे इंजेक्शन घेतलेले साठाहून अधिक जण आजारी पडले. त्यांत उपचारासाठी खास तेथे गेलेले जर्मन रुग्णही होते. या वापराला मान्यताच नव्हती. एप्रिल २०२४ पर्यंत अमेरिकेतील ११ राज्यांत २२ महिलांना बनावट किंवा संशयास्पद बोटॉक्सचा त्रास झाला आणि त्यांतील निम्म्या रुग्णालयात दाखल झाल्या. सापडलेल्या काही बनावट खोक्यांवर १५० युनिट असा उल्लेख होता. मूळ कंपनी १५० युनिटांची कुपी तयारच करत नाही. आणि २०२५ चे उदाहरण आरंभी दिलेच आहे.

या घटनांत औषधाच्या मूळ स्वरूपात अचानक काही दोष उद्भवला नव्हता. कुठे द्रव्यच भलते होते, कुठे वेष्टन खोटे होते, कुठे शरीराचा भागच अमान्य होता. औषधाची साखळी जेथे तुटली तेथे अपघात झाला. ज्या देशांत नियंत्रण यंत्रणा बळकट समजल्या जातात तेथे हे घडले, याची नोंद आपण घ्यायला हवी.

दारापलीकडचे मोकळे रान

भारतात दार ओलांडल्यावर कायदा संपतो असे नाही. नोंदणीकृत डॉक्टरला आपल्या रुग्णासाठी औषध बाळगण्यास विक्री परवाना लागत नाही. पण ही सवलत सशर्त आहे. औषध परवानाधारक विक्रेत्याकडूनच घेतले पाहिजे आणि त्याची नोंद औषध निरीक्षकाला दाखवता आली पाहिजे. ब्युटी पार्लरला अशी कोणतीही सवलत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार नोंदणीविना वैद्यक व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बनावट औषधामुळे मृत्यू वा गंभीर दुखापत झाल्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ नुसार किमान दहा वर्षे ते जन्मठेप आणि किमान दहा लाख रुपये दंड अशी २००८ च्या दुरुस्तीनंतरची तरतूद आहे. डॉक्टरांनी रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करू नये, असे २००२ ची आचारसंहिता सांगते.

कायदे कडक आहेत. त्यांचा प्रवेश मात्र बहुतेक वेळा अपघातानंतर होतो. बंदरावर मालाची वर्दी आधी मिळते. दवाखान्याच्या आतल्या खोलीत शीतकपाटातून कोणती कुपी निघाली, ती केव्हा उघडली, तिच्यात किती सलाईन मिसळले, याची वर्दी कोणालाच मिळत नाही. औषध प्रशासनाचा निरीक्षक प्रत्येक सुईपाशी उभा राहू शकत नाही. तेथे हजर असलेली दुसरी व्यक्ती एकच असते : स्वतः ग्राहक. आणि नेमका तोच सर्वांत कमी प्रश्न विचारतो.

एक विसंगती येथे मुद्दाम सांगायला हवी. वस्तू व सेवा कराच्या नियमांत आरोग्यसेवेला असलेली माफी सौंदर्यशस्त्रक्रियेला लागू होत नाही. जन्मजात व्यंग वा अपघातातील इजा दुरुस्त करायची असेल तेवढाच अपवाद. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांतही सौंदर्योपचाराचा खर्च वगळलेला असतो. म्हणजे कुपीतील द्रव्य कायद्याने पक्के औषध, पण ते घेणारा मात्र कर आणि विम्याच्या हिशेबी निव्वळ हौशी. काही बिघडले तर सुरुवातीचा भार त्याच्याच खिशावर पडण्याची शक्यता मोठी. म्हणून तर प्रश्न आधी विचारायला हवेत.

अपेक्षांचे गणित

प्रश्न न विचारण्यामागे अवाजवी अपेक्षा हे मोठे कारण आहे. ‘तारुण्य परत’ या शब्दांत विकली जाणारी गोष्ट प्रत्यक्षात स्नायूची तात्पुरती विश्रांती असते. कपाळ आक्रसल्यावर, भुवया चढवल्यावर किंवा हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या रेषा यामुळे मावळतात. चेहरा शांत असतानाही दिसणाऱ्या खोल घड्या थोड्याफार सौम्य होतात, पुसल्या जात नाहीत. उन्हाने काळवंडलेली त्वचा, वांग, मुरुमांचे व्रण, ओघळलेले गाल यांच्यावर हे औषध नाही. गाल वा ओठ भरण्यासाठी वापरले जाणारे फिलर हे निराळे द्रव्य आहे. त्याचे धोकेही निराळे, रक्तवाहिनी बंद होण्यापर्यंतचे. दोन्हींना सरसकट ‘बोटॉक्स’ म्हणण्याची सवय ग्राहकाला महागात पडू शकते.

परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. साधारण तीन दिवसांपासून आठवड्याभरात तो जाणवू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन ते चार महिन्यांत ओसरतो, कारण मज्जातंतूची संदेश देण्याची क्षमता हळूहळू परत येते. तीन महिन्यांच्या आत पुन्हा इंजेक्शन घेऊ नये, असा संकेत आहे. लग्नसराईत मांडवाच्या आदल्या दिवशी इंजेक्शन घेणाऱ्या वधूमातेला समारंभात फायदा दिसणार नाही. सुईचा काळानिळा डाग मात्र दिसू शकतो. आणि हा खर्च एकदाचा नसून वर्षातून तीन-चार वेळांचा आहे, हे पहिल्याच भेटीत कोणी सांगितले नसेल, तर ती भेट अपुरी होती असे समजावे.

अधिकृत औषधालाही दुष्परिणाम आहेत. भुवयांमधील आठ्यांसाठीच्या मूळ चाचण्यांत सुमारे ३ टक्के रुग्णांची पापणी काही काळ खाली आली होती. डोकेदुखी, सूज, भुवया वरखाली होणे हेही घडते. ते बहुधा औषध ओसरले की जाते, पण तोवर आरशासमोर उभे राहावे लागते. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखे स्नायूंचे विकार असणाऱ्यांनी विशेष जपले पाहिजे. गर्भवतींनी व स्तनपान करणाऱ्या मातांनी ते टाळणेच इष्ट समजले जाते. काही प्रतिजैविकांमुळे परिणाम वाढू शकतो. औषधाचा प्रभाव टोचलेल्या जागेपासून दूर पसरू शकतो, असा ठळक इशारा वेष्टनावर छापणे अमेरिकेने २००९ पासून सक्तीचे केले आहे.

आणि मग येतो दराचा प्रश्न. अनेक ठिकाणी दर युनिटाचा न सांगता ‘भागाचा’ सांगितला जातो. कपाळाचे इतके, डोळ्यांच्या कडांचे इतके. या पद्धतीत किती औषध टोचले गेले हे ग्राहकाला कळत नाही. शंभर युनिटांच्या कुपीत अडीच मिलिलिटर सलाईन मिसळावे, असे उत्पादकाचे प्रमाण आहे. त्याच्या दुप्पट सलाईन ओतले तरी सिरिंज तेवढीच भरलेली दिसते; औषध निम्मे झालेले असते. उघडलेली कुपी २४ तासांत वापरावी, ही सूचनाही स्वस्त दराच्या आड येते. स्वस्त बोटॉक्स दोनच प्रकारे स्वस्त होऊ शकते : डॉक्टरने आपला मेहनताना कमी केला, किंवा कुपीत काही तरी कमी झाले. यांतील नेमके काय घडले, हे विचारल्यावाचून कळत नाही.

शेवटची चौकी

म्हणूनच काही साध्या गोष्टींचा आग्रह ग्राहकाने धरला पाहिजे. सुई टोचण्यापूर्वी बंद कुपी व तिचे खोके पाहायला मागावे. त्यावरील नाव, युनिट, बॅच क्रमांक, मुदत आणि परदेशी औषध असल्यास आयातदाराचा पत्ता व आयात परवान्याचा क्रमांक वाचावा. मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. सुई देणाऱ्याचा वैद्यकीय नोंदणी क्रमांक विचारावा. किती युनिट आणि कोठे दिले, हे केसपेपरवर लिहून घ्यावे. पक्के बिल घ्यावे. उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय समजावून घेतलेली संमतीच खरी संमती, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. न वाचता केलेली सही ही ती संमती नव्हे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे तर १९९५ मध्येच ठरले. पण तक्रार टिकायची तर कागद हवा.

इंजेक्शनानंतर काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत केव्हाही गिळताना, बोलताना वा श्वास घेताना त्रास झाला, एकाचे दोन दिसू लागले किंवा अंगात सर्वदूर अशक्तपणा आला, तर सौंदर्य दवाखान्यात फोन करत बसण्यापेक्षा थेट मोठ्या रुग्णालयात जावे आणि इंजेक्शन घेतल्याचे पहिल्या वाक्यात सांगावे. प्रतिविष पुढची हानी थांबवते, झालेली उलटवत नाही; त्यामुळे येथे तासांना किंमत आहे. लाजेपोटी उपचार लपवणे हाच अशा रुग्णांत मोठा धोका असतो. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही करता येते. बनावट मालाचा संशय असल्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे खोक्याच्या छायाचित्रासह तक्रार करावी.

प्रशासनाचेही काम यात आहेच. डॉक्टरांच्या खरेदी नोंदी तपासण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. तो अपघाताची वाट न पाहता वापरला जावा. या औषधाच्या प्रत्येक इंजेक्शनानंतर बॅच क्रमांकाची चिठ्ठी रुग्णाला देणे बंधनकारक केले, तर एका छोट्याशा कागदाने साखळीचा तुटलेला दुवा जोडला जाईल. लसीकरणाच्या प्रमाणपत्रावर बॅच क्रमांक लिहिण्याची पद्धत आपल्याला नवी नाही.

सुंदर दिसण्याची इच्छा हा गुन्हा नाही आणि तिची टिंगल करण्याचे कारणही नाही. चाळिशीत आरशातील आठी मिटवावीशी वाटली, तर तो ज्याचा त्याचा निर्णय. पण जे द्रव्य न्हावा शेव्याच्या दारावर अधिकारी कागद पाहिल्यावाचून आत सोडत नाही, ते आपल्या कपाळात सोडताना आपण एकही कागद पाहू नये, हे शहाणपणाचे लक्षण खचितच नाही.